बाहेरच्या मैदानावरचे निकाल पाहून कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स कशा तोलायच्या?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (तिथले संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले असतात) एसईसी भारी, बिग टेन भारी की आणखी कोणी, हे ठरवायला फक्त कॉन्फरन्सबाहेरच्या संघांच्या मैदानावर जाऊन खेळलेले सामने मोजले तर चालेल का, आणि मोजायचे कसे?

चालेल. पण नुसते जिंकले-हरले मोजलेत तर फसाल.

कल्पनेत दम आहे, कारण घरच्या मैदानावर रेकॉर्ड विकत घेता येतं. मोठं विद्यापीठ छोट्या संघाला दहा-पंधरा लाख डॉलर देतं, तो संघ येऊन मार खातो आणि चेक घेऊन परत जातो. आपल्या गल्लीत सगळेच वाघ. बाहेर जायचं म्हटलं की ही सोय संपते. पण त्यामुळेच पहिला प्रश्न उभा राहतो: बाहेर जातं कोण? २०२३ मध्ये मिशिगनने कॉन्फरन्सबाहेरचे तिन्ही सामने (ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही, बोलिंग ग्रीन) घरीच खेळले आणि १५-० करून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तुमच्या तक्त्यात त्या वर्षी मिशिगनची ओळच येणार नाही. फ्लोरिडाची तर कमाल. १९९१ मध्ये सिरॅक्यूजला जाऊन हरल्यानंतर कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यासाठी ते फ्लोरिडा राज्याबाहेरच्या प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर गेले ते थेट २०२३ मध्ये, युटाकडे. तिथेही २४-११ हरले. म्हणून टक्केवारीच्या शेजारी 'किती सामने बाहेर खेळले' हा रकाना हवाच. शिवाय २०२५ पर्यंत एसईसी आणि एसीसी आपापसात आठच सामने खेळत होत्या, बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह नऊ. बारा सामन्यांच्या मोसमात पहिल्या दोघींकडे चार सामने मोकळे उरत, दुसऱ्या दोघींकडे तीनच. (एसईसीने २०२६ पासून नऊ सामने ठरवले.)

आता डेटा. कॉलेज फुटबॉल डेटा या साइटवर फुकट किल्ली (एपीआय की) घेतली की प्रत्येक सामन्याचे यजमान, पाहुणा, दोघांच्या कॉन्फरन्स, न्यूट्रल मैदान आणि कॉन्फरन्स सामना हे रकाने मिळतात. कोड लिहायचा नसेल तर स्पोर्ट्स रेफरन्सच्या वेळापत्रकात बाहेरच्या सामन्यापुढे @ असतो. चाळणी लावताना पुढच्या जागी हमखास चूक होते.

संघाची कॉन्फरन्स त्या वर्षीची धरा, आजची नाही. ९ सप्टेंबर २०२३ ला टेक्ससने अलाबामाला त्यांच्या घरी ३४-२४ हरवलं, तेव्हा टेक्सस बिग ट्वेल्व्हमध्ये होतं. हा विजय एसईसीच्या खात्यात टाकणारे लोक मी रोज बघतो. प्रत्यक्षात तो एसईसीच्या विरुद्धचा आहे.

'दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्सचे' आणि 'कॉन्फरन्स सामना' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बेलर युटाकडे आणि ॲरिझोना कॅन्सस स्टेटकडे खेळायला गेले. चौघेही बिग ट्वेल्व्हचे, पण करार जुने असल्याने दोन्ही सामने नॉन-कॉन्फरन्स धरले गेले. फक्त 'कॉन्फरन्स सामना: नाही' एवढ्यावर गाळलंत तर हे सामने आत शिरतात आणि बिग ट्वेल्व्ह स्वतःशीच जिंकते-हरते. दोन्ही कॉन्फरन्सची नावं वेगळी आहेत का, हेही तपासा.

न्यूट्रल मैदान काढून टाका. पण सगळीच 'न्यूट्रल' मैदानं न्यूट्रल नसतात. २०२४ मध्ये जॉर्जियाने क्लेमसनला ३४-३ धुतलं ते अटलांटात, म्हणजे जॉर्जियाच्याच राज्यात.

प्लेऑफ वेगळं ठेवा. २०२४ पासून बारा संघांच्या प्लेऑफची पहिली फेरी कॅम्पसवर होते. त्या डिसेंबरात टेनेसी, क्लेमसन, एसएमयू आणि इंडियाना, चारही पाहुणे हरले. नियमाने हे चारही बाहेरचे नॉन-कॉन्फरन्स सामने आहेत. पण तिथे यजमानपद वरच्या मानांकनालाच मिळतं, त्यामुळे पाहुण्यांचं पारडं आधीच हलकं असतं.

एफसीएस (खालच्या पातळीचे) संघ आपल्या घरी एफबीएस (सर्वोच्च पातळीच्या) संघांना जवळजवळ कधीच बोलावत नाहीत, त्यामुळे ते आपोआप गळतात.

चाळून झाल्यावर खरं काम सुरू होतं. १० सप्टेंबर २०२२ चा शनिवार घ्या. मार्शलने नोटर डेमला, ॲपलाचियन स्टेटने टेक्सस ए अँड एमला आणि जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला त्यांच्या त्यांच्या घरी हरवलं. तिन्ही संघ सन बेल्ट या छोट्या कॉन्फरन्सचे. तरी पूर्ण मोसमाच्या कच्च्या टक्केवारीत सन बेल्ट बिग टेनच्या खालीच दिसणार, कारण त्यांना पाठवतातच हरायला. म्हणून प्रत्येक सामन्याला विचारायचं: इथे एखादा मध्यम दर्जाचा पॉवर फोर (एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या चार बड्या कॉन्फरन्सपैकी एकीचा) संघ पाठवला असता तर तो किती वेळा जिंकला असता? मग खरा निकाल वजा हा अंदाज.

रीत सोपी आहे. यजमानाचं मोसमाअखेरचं रेटिंग घ्या (संघाची ताकद गुणांत सांगणारं एसपी प्लस किंवा एफपीआय चालेल) आणि त्यातून पॉवर फोर संघांची सरासरी वजा करा. घरच्या मैदानाचे २.५ गुण मिळवा. बेरजेला १६ ने भागा, कारण कॉलेज फुटबॉलमध्ये अंदाजित आणि खऱ्या फरकातलं प्रमाण विचलन साधारण तेवढं पडतं. आलेल्या आकड्याचं चिन्ह उलटं करून एक्सेलच्या नॉर्मल डिस्ट्रिब्युशनच्या फंक्शनमध्ये टाका. यजमान सरासरीहून १० गुण वरचा असेल तर १२.५ भागिले १६, म्हणजे विजयाची शक्यता सुमारे २२ टक्के. यजमान ७ गुण खालचा असेल तर ६१ टक्के.

इथे पॉइंट स्प्रेड (सट्टेबाजारानं आधीच धरलेला गुणांचा फरक) वापरण्याचा मोह होतो. स्प्रेडमध्ये पाहुण्या संघाची ताकदही धरलेली असते, त्यामुळे त्यातून 'बाजाराचा अंदाज किती चुकला' एवढंच कळतं, 'कॉन्फरन्स किती भारी' हे नाही. वापरायचाच असेल तर घरचे २.५ गुण पुन्हा मिळवू नका, ते त्यात आधीच असतात. मोसमापूर्वीचं रेटिंगही नको. २०२४ च्या एपी यादीत (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) फ्लोरिडा स्टेट दहाव्या क्रमांकावरून सुरू झालं आणि २-१० वर संपलं.

२९ आणि ३० नोव्हेंबर २०२४ चे एसईसी-एसीसीचे चार पारंपरिक सामने घेऊन बघू. एसईसीचे दोन पाहुणे: फ्लोरिडाने फ्लोरिडा स्टेटला ३१-११ हरवलं, साउथ कॅरोलायनाने क्लेमसनला १७-१४. एसीसीचे दोन: लुईव्हिलने केंटकीला ४१-१४ हरवलं, जॉर्जिया टेक जॉर्जियाकडे आठ ओव्हरटाइमनंतर ४४-४२ हरलं. कच्चा हिशोब २-० विरुद्ध १-१, म्हणजे शंभर टक्के विरुद्ध पन्नास.

आता रेटिंग लावा. रीत दिसावी म्हणून गोल आकडे धरतो: जॉर्जिया सरासरीहून १५ वर, क्लेमसन ८ वर, केंटकी ५ खाली, फ्लोरिडा स्टेट ८ खाली. मध्यम संघाची शक्यता फ्लोरिडा स्टेटकडे ०.६३, क्लेमसनकडे ०.२६, केंटकीकडे ०.५६ आणि जॉर्जियाकडे ०.१४ येते. एसईसीची अपेक्षा ०.८९, मिळाले २, म्हणून अधिक १.११. एसीसीची अपेक्षा ०.७०, मिळाला १, म्हणून अधिक ०.३०. एसईसीच्या कमाईतला मोठा वाटा एकट्या क्लेमसनच्या सामन्याचा आहे. फ्लोरिडाच्या वीस गुणांच्या विजयाने फार काही सिद्ध होत नाही.

जॉर्जिया टेकचं काय? ते मध्यंतराला १७-० पुढे होते. ओव्हरटाइमला गेलेला सामना मी दोघांना अर्धा-अर्धा देतो, मग जिंकणारा कोणीही असो. साठ मिनिटांत बरोबरी झालीच होती. तसं केलं तर एसीसी अधिक ०.८० वर येते आणि शंभर विरुद्ध पन्नास वाटणारं अंतर बरंच मिटतं. हा नियम मात्र आकडे बघण्याआधी ठरवा, नंतर नाही.

दोन बारीक गोष्टी. पॉवर फोर संघ छोट्याच्या घरी जातो ते सामने गाळू नका. कॉन्फरन्सची सगळ्यात मोठी वजाबाकी तिथेच होते. व्हर्जिनिया टेक २०१८ मध्ये तेरावं मानांकन घेऊन नॉरफोकला गेलं आणि ओल्ड डोमिनियनकडून ४९-३५ हरलं. २०२२ मध्ये तिथेच पुन्हा हरलं, २०-१७. आणि २.५ गुण सगळीकडे सारखे नसतात. वायोमिंगचं स्टेडियम ७,२२० फुटांवर आहे. २०२३ मध्ये टेक्सस टेक तिथे दोन ओव्हरटाइमनंतर ३५-३३ हरलं. पण मैदानागणिक वेगळा आकडा काढायला सामने पुरत नाहीत, म्हणून सरसकट २.५ धरून पुढे जा.

शेवटचा अडसर सामन्यांच्या संख्येचा. बहुतेक संघ पॉवर फोरमधल्या एकाच बाहेरच्या संघाशी खेळतात आणि त्यातले निम्मे घरी. म्हणजे सोळा संघांच्या कॉन्फरन्सला वर्षाला आठेक खरे सामने. वीस सामन्यांत आठ विजय असले तरी ४० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे २१ टक्क्यांची अनिश्चितता राहते. म्हणून किमान चार मोसम एकत्र घ्या, दर सामन्यामागची अधिक-उणे सरासरी काढा आणि त्याच्याशेजारी ही अनिश्चिततेची रुंदीही छापा. दोन कॉन्फरन्सचे पट्टे एकमेकांवर बरेच चढत असतील तर तिथे 'फरक दिसत नाही' असंच लिहा.