जुनी ब्रिटिश ट्रॅक सायकल, वय आणि किंमत

मित्रा, तुझ्या जुन्या ट्रॅक सायकलचं (शर्यतीच्या ट्रॅकवरची सायकल) वय आणि किंमत काढायची तर आधी रंगाला हात लावू नकोस, मूळ रंग आणि स्टिकर गेले की अर्धी किंमत तिथंच गेली समज. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलचा आस जिथे बसतो तो फ्रेमचा भाग) फ्रेमचा नंबर बघ, मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या टोकावरही असतो कधीकधी. रेनॉल्ड्स ५३१ (फ्रेमसाठीची स्टीलची नळी) चं मूळ स्टिकर असेल तर १९३५ च्या आधीची नक्कीच नाही, ती नळीच तेव्हा आली. विल्यम्स कंपनीच्या क्रँकवर (पेडल जोडलेला दांडा) मागच्या बाजूला सालाचं अक्षर असतं, पण क्रँक बदललेला असू शकतो, त्यामुळे त्यावरून फ्रेमचं वय ठरवू नकोस. फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) ब्रेकचं भोक आहे का ते बघच, ट्रॅक सायकलला मुळात ब्रेक नसतो, भोक नंतर पाडलेलं असेल तर मला फार वाईट वाटतं, किंमतही पडते. हेचिन्स या ब्रिटिश कंपनीची नागमोडी स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) असलेली फ्रेम मिळाली तर घाईत विकू नकोस रे!