मतदानावर लक्ष ठेवायचंय? आधी मतदारसंघ नीट बघा

मतदानावर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या गटात नव्याने येताय, तर थेट बूथवर धावू नका. आधी नकाशा. फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात असले तरी लोकसभेला माढ्यात मोडतात. सांगलीकडचे इस्लामपूर, शिराळा हातकणंगल्यात. तिथली लेखी तक्रार साताऱ्या-सांगलीच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे टाकलीत, तर ती टेबलं फिरत बसते.

पैसेवाटप दिसलं की सी-व्हिजिल, म्हणजे निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप, उघडा. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ ॲपमधूनच काढायचा. व्हॉट्सॲपवर आलेला चालत नाही. काढल्यावर पाच मिनिटांत पाठवायचा, म्हणून जीपीएस आधीच चालू हवं. रेंज नसेल तिथे जागा, वेळ, गाडीचा नंबर वहीत टिपा आणि रेंजमध्ये आल्यावर १९५० या निवडणूक हेल्पलाइनला फोन लावा.

संध्याकाळचं काम कंटाळवाणं, पण खरं मोलाचं तेच. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना फॉर्म १७ सी ची, म्हणजे त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत देतात. तुम्हाला ती मिळणार नाही, त्यावरून वाद घालू नका. एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन पक्षांच्या प्रतिनिधींकडून एकूण मतांचा आकडा आणि यंत्राचा क्रमांक घ्या, ताडून बघा. एकाच बाजूने आलेला आकडा कच्चाच धरायचा.