एएमजी विकून झेड-फोर घ्यायची, तर मध्ये एक पावसाळा जाऊ द्या

प्रश्न: वय ५१, अंबड एमआयडीसीत मशीनिंगचं जॉबवर्क. ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीज-एएमजी ई५३ कॅब्रिओले (छत उघडणारी गाडी) स्वतःच्या नावावर घेतली. कर्ज ९० लाख, ९.२५ टक्के स्थिर व्याज, सात वर्षं, हप्ता १,४५,९४६ रुपये. ३० हप्ते भरून झाले. गाडी वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालते आणि मागच्या सीटवर कधीच कुणी बसत नाही. पुण्यात २०२३ ची, दोनच सीटांची बीएमडब्ल्यू झेड-फोर एम४०आय ६६ लाखांना मिळते आहे. डीलर माझी गाडी ८२ लाखांना घेईल आणि ५० लाखांचं पाच वर्षांचं कर्ज १२.५ टक्क्यांनी करून देईल. हप्ता १,१२,४९० होईल, म्हणजे महिना साडेतेहतीस हजार वाचतील. घरी इनोव्हा आहे. लेकीच्या परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांची एफडी आहे, पहिली फी ऑगस्ट २०२७ मध्ये. अडीअडचणीसाठी १२ लाख लिक्विड फंडात (लगेच काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) आहेत. बदल करू का? एफडी मोडून कर्ज कमी घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: गाडी बदलायचा तुमचा विचार मला पटतो. डीलरने आखून दिलेला व्यवहार मात्र पटत नाही.

आधी पटलेलं सांगतो. मागच्या सीटवर कुणी बसत नाही, ही पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. ई५३ ही ४३५ हॉर्सपॉवरची, जवळपास दोन टनांची, चार जणांची गाडी. झेड-फोरची ताकद ३४० हॉर्सपॉवर, पण वजन दीड टनाच्या आसपास, त्यामुळे दोघीही साधारण साडेचार सेकंदांत शंभरचा वेग गाठतात. म्हणजे चालवण्याचा आनंद फारसा कमी होणार नाही, न वापरलेल्या दोन सीटांचा खर्च तेवढा सुटेल. आईंना त्र्यंबकेश्वरला न्यायचं किंवा बाजारहाट करायची, तर इनोव्हा आहेच. दुसरी मोठी गाडी घरात नसती, तर दोनच सीटांची गाडी घ्या असं मी सांगितलं नसतं.

आता व्यवहार. तुम्ही हप्त्याशी हप्ता ताडून पाहिलात, आणि तिथेच डीलरचं म्हणणं गोड वाटायला लागतं. तुमच्या आजच्या कर्जात मुद्दल राहिलंय सुमारे ६४ लाख २७ हजार. उरलेले ५४ हप्ते भरलेत तर पुढचं व्याज होईल साडेचौदा लाख. नव्या कर्जाचे ६० हप्ते भराल तर व्याज साडेसतरा लाख. कर्ज चौदा लाखांनी कमी आणि व्याज तीन लाखांनी जास्त, असं हे गणित आहे. जुन्या गाडीचं कर्ज नव्या गाडीच्या कर्जापेक्षा महाग असतं आणि तुमची मुदतही सहा महिन्यांनी लांबते आहे. महिन्याचे साडेतेहतीस हजार वाचत नाहीत, ते पुढे ढकलले जातात.

शिवाय पत्रात न आलेला एक खर्च आहे. तुमचं कर्ज स्थिर व्याजाचं, त्यामुळे मुदतीआधी बंद केलंत तर बँक दंड आकारू शकते. करारपत्रात तो ३ टक्के असेल असं धरतो. त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सव्वादोन लाखांच्या वर जातो. म्हणजे ८२ लाखांतून बँकेचं देणं भागवून हातात राहतात सुमारे १५ लाख ४५ हजार. त्यात ५० लाख मिळवले तरी ६६ भरत नाहीत. नावावर करण्याचा खर्च, नवा विमा, तपासणी धरली तर आणखी अडीच लाख खिशातून. ते बहुधा लिक्विड फंडातूनच जातील.

एफडी मोडावी का, या प्रश्नावर नुसतं गणित बघितलं तर उत्तर ‘मोडा’ असं येतं: एफडीवर कर भरून हातात साधारण पाच टक्के उरतात आणि कर्ज साडेबारा टक्क्यांचं. तरीही मी नाही म्हणेन. फीची तारीख तुमच्या हातात नाही, आणि जॉबवर्कच्या धंद्यात एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे तीन महिने लांबवले की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. लेकीचा पैसा लेकीसाठीच राहू द्या.

माझा सल्ला असा. ई५३ आत्ताच विका, झेड-फोर दिवाळीनंतर घ्या. मधले आठ महिने आजचाच १,४५,९४६ चा हप्ता दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. तो भरायची सवय तुम्हाला आहेच. ते होतात सुमारे ११ लाख ६७ हजार. त्यात विक्रीतून उरलेले १५ लाख ४५ हजार मिळवले की २७ लाखांच्या वर जातात. तोवर तशीच गाडी ६२ लाखांना मिळेल असं धरतो (हा माझा अंदाज, तो चुकूही शकतो) आणि वरचा खर्च मिळवून कर्ज लागेल ३७ लाख. त्याचा हप्ताही १,४५,९४६ च्या आसपासच ठेवा. कर्ज तीस महिन्यांत फिटतं आणि एकूण व्याज सव्वासहा लाखांच्या आत राहतं. डीलरच्या बेतापेक्षा ते अकरा लाखांनी कमी आहे. आठ महिन्यांचा पैसा लिक्विड फंडात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवा. इतक्या कमी काळासाठी शेअर बाजारात नाही.

थांबणं मनाविरुद्ध असेल, आणि पुण्याचीच गाडी हवी असेल, तर किमान एवढं करा: ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता १,१२,४९० करून घेऊ नका. आजच्याइतकाच ठेवा. कर्ज त्रेचाळीस महिन्यांत फिटेल आणि व्याज सुमारे १२ लाख १७ हजारांवर येईल.

पावसाळा मध्ये घालण्याचं कारण नुसतं व्याजाचं नाही. झेड-फोरचं छत कापडी आहे, ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही दहा सेकंदांत उघडतं. असं छत वापरलेल्या गाडीत कुठे गळतं, हे मार्चच्या उन्हात कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बघायला जा, रात्रभर पावसात उभी असलेली बघा, सीटखालचा गालिचा हाताने चाचपा. आपल्याकडे छत उघडून चालवायचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेचं ऊन आणि इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस यात ते बंदच राहतं. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं सुरू आहेत. जमिनीला टेकलेली गाडी या वर्षी फार बाहेर निघणार नाही. तेव्हा आठ महिन्यांत तुमचं हरवतं फार थोडं.

थांबलात तर डीलर एक गोष्ट नक्की सांगेल: झेड-फोरचं उत्पादन बंद होतंय, पुढे भाव वाढेल. गाडी ऑस्ट्रियात ग्राझला तयार होते आणि तिचं उत्पादन संपत आलंय, हे खरं. पण त्यासाठी आज जास्त पैसे मोजू नका. आपल्याकडे दोन सीटांच्या गाडीला गिऱ्हाईक थोडं, म्हणून ती विकायलाही वेळ लागतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के सेस जाऊन ४० टक्के जीएसटी आला. नव्याची किंमत उतरली की जुन्याला पूर्वीचा भाव मागणं कठीण. हेच तुमच्या ई५३ लाही लागू आहे, म्हणून विक्री लांबवू नका म्हणतो. डीलरशिवाय थेट गिऱ्हाईक मिळतंय का तेही बघा. वापरलेल्या गाडीवरच्या नफ्यावर डीलरला १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि तो तुम्हाला दिलेल्या भावातूनच निघतो.

सुटे भाग आणि दुरुस्तीबद्दल दिलासा आहे, पण अर्धाच. एम४०आयचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन चेन्नईत जोडल्या जाणाऱ्या एम३४०आय सेडानच्याच घराण्यातलं, म्हणजे मेकॅनिकच्या हाताला ओळखीचं. छत, दारं, बाहेरचे पत्रे मात्र परदेशातून येतात आणि त्यात महिने जाऊ शकतात. विमा घेताना झिरो डेप्रिसिएशन (भागांची घसारा-कपात न करता भरपाई) घ्याच. पुढची-मागची टायर वेगवेगळ्या मापाची असतात, आलटून-पालटून लावता येत नाहीत. बघायला जाल तेव्हा चारही टायरवरची उत्पादनाची तारीख वाचा.

गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली घ्या. आयात केलेल्या गाडीवर इथे २० टक्के दराने एकरकमी कर लागतो, आणि तो एकदा भरला की गाडीबरोबर जातो. दिल्ली-हरियाणाची पाच लाखांनी स्वस्त दिसणारी गाडी एमएच-१५ (नाशिकची नोंदणी) करताना इथला कर पुन्हा मागते. प्राप्तिकराची काळजी करू नका: खासगी वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, म्हणून विक्रीवर कर नाही आणि तोट्याची वजावटही नाही.

विक्री करताना दोन कागद विसरू नका. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) राखल्याचं पत्र घ्या. सवलत गाडीची नसते, मालकाची असते, आणि ते पत्र तीन वर्षं चालतं, म्हणजे आठ महिने थांबूनही ती बुडत नाही. दुसरं, कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि हस्तांतराचे २९ व ३० हे तिन्ही पेठ रोडच्या आरटीओत जमा झाल्याची पावती हातात घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत त्या गाडीने कुणाला धडक दिली, तर नोटीस तुमच्या दारात येईल.

या आठवड्यात एकच काम करा. बँकेला ईमेल टाकून कर्ज बंद करण्याची नेमकी रक्कम दंडासकट लेखी मागवा. मी ३ टक्के धरलाय. तो ५ टक्के निघाला, तर हातात राहणाऱ्या पैशांतून आणखी दीड लाख जातील. मग डीलरकडून ८२ ऐवजी किमान साडेत्र्याऐंशी मिळाल्याखेरीज गाडी सोडू नका.