वर्गात येतं, दुकानात येत नाही: विशेष मुलांना व्यवहार कुठे शिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, विशेष शाळेत नोटा बरोबर ओळखतो. पण दुकानात गेला की नुसता उभा राहतो. शाळेबाहेर अशा मुलांसाठी काही उपक्रम असतात का, हा तुमचा प्रश्न.

मी विशेष शिक्षिका आहे. उपक्रम असतात, पण त्याआधी घराजवळचा बाजार वापरा. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं या मुलांना फार जड जातं. वर्गात खोट्या नोटा असतात आणि बाई ओळखीच्या असतात. दुकानात गर्दी, घाई आणि मागून पुढे येणारे हात. म्हणून जे काम जिथे करायचं, तिथेच ते शिकवावं लागतं.

एकच भाजीवाला ठरवा, त्यांना आधी सांगून ठेवा आणि गिऱ्हाईक कमी असेल अशा वेळी जा. कोथिंबिरीची जुडी घ्यायची. सुरुवातीला मागणं, निवडणं, पैसे देणं सगळं तुम्ही करा. जुडी घेऊन पिशवीत टाकायची एवढंच त्याचं काम. ते अंगवळणी पडलं की पैसेही त्याने द्यायचे. "काका, एक जुडी द्या" हे सगळ्यात शेवटी. असं उलट्या क्रमाने शिकवलं की दरवेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, आणि ते त्याला कळतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. शर्टाची बटणं, अंथरुणाची घडी, सगळं याच पद्धतीने शिकवता येतं. मात्र तो अडखळला की लगेच बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. आईवडिलांना हेच सर्वांत कठीण जातं.

आता संस्था. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ साली सुरू केलेल्या 'कामायनी'त शाळेच्या जोडीला मोठ्या मुलांसाठी उद्योगकेंद्र आहे. डोंबिवलीजवळ खोणीला 'घरकुल' हे प्रौढ विशेष मुलांचं निवासस्थान पालकांनी एकत्र येऊन उभं केलं. दोन्ही बघून या. तुमच्या गावात काही नसेल तर शाळेतल्याच चार पालकांनी रविवारी मुलांना घेऊन एसटीने जवळपास जाऊन यावं. तिकीट मुलांनीच काढायचं. माझ्या मते यापेक्षा चांगला वर्ग नाही.

कागदपत्रं मागे ठेवू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च येतो.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. मुलगा लवकरच वयात येईल. दार लावून कपडे बदलणं, कुणाला मिठी मारायची आणि कुणाशी फक्त हात मिळवायचा, नको असलेल्या स्पर्शाला मोठ्याने "नको" म्हणणं, हे शिकायला या मुलांना वेळ लागतो. ते आत्ताच सुरू करा, आवाज फुटायची वाट बघू नका.