'चिमणी सफाई' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मालवणात आमची खाणावळ आहे. दिवसभर सुरमई-बांगड्याचे तवे, संध्याकाळी कोळशाची भट्टी. सफाईवाला वर्षाच्या करारावर येतो, हूड (चुलीवरचं धूर ओढणारं छत्र) चकाचक करून जातो, तरी धूर कोंडतो. करारात काय लिहून घ्यावं?

उत्तर : ताई, चकाचक हूडावर जाऊ नका. आग भडकते ती आत डक्टमध्ये, म्हणजे हूडातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, साचलेल्या तेलाने. रत्नागिरीत एका हॉटेलच्या डक्टची झडप (सफाईसाठी उघडायचं झाकण) मी उघडली, तर आत बोटभर जाड, काकवीसारखा काळा थर. करारात मात्र एकच ओळ : 'चिमणी सफाई'. तुम्ही हूड, फिल्टर, छपरापर्यंतचा डक्ट आणि पंखा, चारही नावं घालून घ्या. डक्टला झडपा नसतील तर आधी त्या बसवा. हात पोचत नाही तिथं सफाई होत नाही.

व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या आगसुरक्षेसाठीच्या अमेरिकेच्या एनएफपीए 96 या मानकात कोळसा-लाकडाच्या भट्टीच्या डक्टची तपासणी दरमहा सांगितली आहे, आणि तो डक्ट इतरांपासून वेगळा हवा. तुमचा वेगळा आहे का, आजच बघा. तव्यांच्या डक्टला, तुमच्या धंद्याचा जोर पाहता, दर 3 महिन्यांनी तपासणी धरा.

डक्टच्या आतले, सफाईआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो मिळाल्याशिवाय बिल देऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत पंख्याचे बोल्ट गंजून बसतात, मग कामगार पंखा उघडतच नाहीत. बोल्ट कोण बदलणार, तेही लिहा. आणि कॉस्टिकने (तेलकट थर काढणाऱ्या तीव्र रसायनाने) धुतलेलं पाणी विहिरीकडे सोडायचं नाही, हेसुद्धा.