साडेदहाला आलेला फोन

ताई,
मी ठाण्यात राहते. मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. गटारीच्या शनिवारी तो आमच्याच सोसायटीत, सी विंगमध्ये, मित्राकडे राहायला गेला. दोघं बालवाडीपासून एकत्र आहेत. मॅच बघायची, पिझ्झा मागवायचा, एवढंच ठरलं होतं. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, पोटात दुखतंय, न्यायला ये म्हणाला. इतक्या रात्री त्यांच्या दारात जायचं तर त्यांना काय वाटेल, म्हणून मी म्हटलं, ओवा खा आणि झोप. सकाळी घरी आला तेव्हा टी-शर्टला उलटीचा आणि बिअरचा वास. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, मित्राच्या बाबांनी दोघांनाही बिअर दिली होती. ‘श्रावण लागायच्या आत गटारी झालीच पाहिजे, तुम्ही काय आता बाळं नाही’ म्हणाले. माझा मुलगा नको म्हणाला तर हसले. वर ‘आईला सांगायचं नाही’ अशी ताकीद. मित्राची आई त्या दिवशी माहेरी गेली होती, हेही मला नंतर समजलं. मी त्यांना जाब विचारला तर म्हणतात, ‘वहिनी, बाहेर चोरून पिण्यापेक्षा मोठ्यांसमोर चाखलेली बरी. फॉरेनला घरोघरी देतात.’ आमचे हे म्हणतात, सोसायटीत वाईटपणा नको, आम्हीही नववी-दहावीत चाखली होतीच. मुलाचा मोबाइल मी महिनाभरासाठी काढून घेतला आहे आणि कुणाकडे राहायला जाणं बंद केलं आहे. पण त्या माणसाला धडा कसा शिकवू? सोसायटीच्या ग्रुपवर टाकू? पोलिसांत जाऊ? की गप्प बसू?
— संतापलेली आई

तुमच्या पत्रात त्या माणसाबद्दल भरपूर मजकूर आहे आणि साडेदहाच्या फोनबद्दल दोन ओळी. मी त्या दोन ओळींपाशी अडले. त्या माणसाकडे मी येणार आहे, त्याला सोडणार नाही. पण आधी तो फोन.

१४ वर्षांच्या मुलाने मित्राच्या घरून आईला फोन करून ‘मला न्यायला ये’ म्हणायचं, याला केवढा धीर लागतो! या वयात आई शाळेच्या गेटपर्यंत सोडायला आलेलीही चालत नाही. शिवाय तो गावाबाहेर नव्हता, सी विंगमध्ये होता. चपला घालून खाली उतरला असता तर पाच मिनिटांत घरी पोचला असता. तरीही तो ‘येतो’ म्हणाला नाही, ‘न्यायला ये’ म्हणाला. कारण त्याला स्वतः उठून निघता येत नव्हतं. समोर बसलेल्या माणसाला तो बालवाडीपासून काका म्हणतो. त्या काकांना नको म्हणून झालं होतं, ते हसले होते. आता एकच मार्ग उरला होता. आई दारात येऊन उभी राहिली की कुणाला काही बोलायची सोय नसते. खरं कारण सगळ्यांसमोर उच्चारता येईना, म्हणून पोटदुखी. आणि उलटी झाली म्हणजे पोट बहुधा खरंच दुखत असणार.

आपण मुलांना काय शिकवतो? कुणी नको ते दिलं तर नाही म्हणायचं. अडचण आली तर घरी फोन करायचा. तुमच्या मुलाने दोन्ही केलं, त्याच क्रमाने केलं. त्याच्या हाती ओवा आला.

तुम्हाला काय चाललंय याची कल्पना नव्हती, हे मला मान्य आहे. पण तुम्ही गेला नाहीत त्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: ‘त्यांना काय वाटेल.’ नुसती पोटदुखी असती तरी पाच मिनिटांवरून आजारी मुलाला घरी आणायला काय हरकत होती? त्या घरातल्या माणसांचं मन राखायला तुम्ही थांबलात, आणि त्याच वेळी तुमचा मुलगाही त्याच माणसाचं मन राखायला ग्लास हातात धरून बसला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. ती त्याने तुमच्याकडूनच उचलली आहे, बाहेरून कुठून नाही. हे तुम्हाला टोचेल. टोचू दे.

आणि मग तुम्ही शिक्षा म्हणून काय काढून घेतलंत? मोबाइल! ज्या फोनवरून त्याने तुम्हाला हाक मारली तोच. त्याच्या हिशोबाने पाहा. काकांनी बळजबरी केली, त्यांना काही झालं नाही. आईला बोलावलं, आई आली नाही. विचारल्यावर खरं सांगितलं, तर फोन गेला आणि मित्राकडे जाणंही गेलं. पुढच्या वेळी तो फोन करेल असं तुम्हाला वाटतं? तो गप्प झोपेल, सकाळी टी-शर्ट धुऊन घरी येईल आणि तुम्हाला कधीच काही कळणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आज रात्री जेवणं झाली की त्याचा मोबाइल त्याच्या हातात द्या आणि त्याला सांगा, ‘तू मला बोलावलंस, मी यायला हवं होतं. यापुढे तू कुठेही अस, कितीही वाजलेले असोत, तू काहीही प्यायलेला अस, नुसतं न्यायला ये म्हण, मी येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोलू.’ बाकी काही जोडू नका. ‘पण तूही घ्यायला नको होतीस’ हे वाक्य तर अजिबात नको. ते त्याने स्वतःला आधीच शंभरदा ऐकवलेलं आहे. नंतर शब्द पाळा. कधी रात्री एकला उठून रिक्षा करून कुठेतरी जावं लागेल, जा. कधी तो काही झालेलं नसताना नुसती परीक्षा बघेल, तेव्हाही जा.

मग एक-दोन दिवसांनी, शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत, त्याच्याकडे न बघता विचारा की त्या रात्री आणखी काही झालं का. हे मी मुद्दाम सांगते आहे. घरात दुसरं मोठं माणूस नसताना एक पुरुष मुलांना दारू पाजतो आणि ‘आईला सांगायचं नाही’ म्हणतो. बहुतेकदा त्यामागे फुशारकीपलीकडे काही नसतं. पण मुलाला आईपासून लपवायला सांगणारा मोठा माणूस ही गोष्ट मी कधीच हलक्यात घेणार नाही, आणि मुलगा आहे म्हणून तर मुळीच नाही. काही निघालं तर ते सोसायटीचं प्रकरण राहणार नाही. १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा आणि पोलिसांत जा. पोक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने, अशी गोष्ट कळल्यावर ती कळवणं बंधनकारक आहे. तिथे कुणाच्याही वाईटपणाचा विचार करायचा नाही, तुमच्या यजमानांच्याही नाही.

आता ते काका.

‘बिअरच तर होती’ असं कुणी म्हणालं की त्याला बाटलीचं लेबल वाचायला सांगा. आपल्याकडे स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असतं. तशा एका ६५० मिलीच्या बाटलीतलं अल्कोहोल व्हिस्कीच्या ३० मिलीच्या साधारण चार पेगांइतकं भरतं. हे नववीतल्या मुलाच्या शरीरात गेलं. मुलांचं वजन कमी, सवय शून्य. दारूने मुलांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, गुंगीत उताणं झोपलेलं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. तुमच्या मुलाला उलटी झाली तेव्हा त्याच्याजवळ कोण जागं होतं, हे तुम्ही त्या माणसाला विचारलंत का? विचारा.

‘मोठ्यांसमोर चाखलेली बरी’ हे वाक्य शहाणपणाचं वाटतं म्हणून टिकून आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांवर साधारण बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडिलांनी दिलेल्या दारूने मुलांचा काही बचाव होतो असं त्यात दिसलं नाही. उलट ज्यांना घरून मिळत होती ती मुलं बाहेरूनही मिळवण्याची शक्यता जास्त होती. अमेरिकेतल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांमध्ये व्यसन लागण्याचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे चौपट आढळलं. आणि ते फॉरेन? वाईनसाठी ज्याचं नाव घेतात त्या फ्रान्सने शाळेच्या जेवणातून १४ वर्षांखालच्या मुलांची दारू १९५६ सालीच बंद केली, आणि आज तिथे १८ वर्षांखाली दारू विकतही नाहीत.

शिवाय हे सगळे वाद त्यांनी स्वतःच्या मुलाबद्दल घालावेत. दुसऱ्याच्या मुलाला, त्याच्या आईला न विचारता पाजायचा हक्क त्यांना कुणी दिला? तुमच्या घरी ते मूल जेवायला आलं तर तुम्ही आधी विचारता ना, अंडं चालतं का म्हणून?

कायदा तर अगदी सरळ आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आहे, कडक दारूसाठी २५. त्यापलीकडे बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७: डॉक्टरच्या सल्ल्याखेरीज मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. घरात दिली की बारमध्ये, काका होता की वेटर, असा भेद त्यात नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाने दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या प्रकरणात दारू देणाऱ्यांवर आणि मुलाच्या वडिलांवरही याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. ‘पोरं आहेत, चाखतील’ म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

मग पोलिसांत जायचं का? या एका रात्रीसाठी, आणखी काही निघालं नाही तर, मी आधी त्या माणसाच्या समोर जाऊन बोलेन. फोनवर नाही, आणि ग्रुपवर तर नाहीच. ग्रुपवर टाकलंत की दुसऱ्या मिनिटाला तुमचा मुलगा सगळ्या सोसायटीत ‘तो पिऊन ओकलेला’ होईल. नवऱ्याला बरोबर न्या. त्यांनी नववीत चाखली असेल, तेव्हा त्यांना कुणी न्यायला आलं होतं का ते त्यांनाच विचारा, आणि मग चला म्हणावं. मित्राची आई घरी असेल तेव्हा जा, तिला हे माहीत असण्याचा पूर्ण हक्क आहे. बसू नका, चहा घेऊ नका. म्हणा: ‘तुम्ही माझ्या मुलाला दारू दिलीत. तो नको म्हणाला होता. तुम्ही त्याला माझ्यापासून लपवायला सांगितलंत. हा गुन्हा आहे आणि पुन्हा कुठल्याही मुलाबाबत झालं तर मी तक्रार करणार.’ ते हसतील. चेष्टेवारी नेतील, ‘वहिनी, तुम्ही फारच मनावर घेता’ म्हणतील. घ्याच मनावर. तेच वाक्य पुन्हा म्हणा आणि निघा. त्यांनी माफी मागावी म्हणून ताटकळू नका. आणि मुलाला आधी सांगून जा. त्याच्या पाठीमागे काही करू नका, त्याच्याशी तसं एकदा झालं आहे.

तुमचा मुलगा म्हणेल, नको आई, मैत्री तुटेल. त्याला सांगा की मित्रावर तुमचा काही राग नाही, आणि खरोखरच ठेवू नका. तो मुलगाही १४ वर्षांचाच आहे. त्यालाही त्याच रात्री तीच बिअर दिली गेली, ती त्याच्या बापाने, त्याच्याच घरात. त्याने न्यायला कुणाला बोलवायचं होतं? मुलांची एकमेकांकडे ये-जा सुरू राहू द्या, फक्त रात्रीचा मुक्काम आता तुमच्याकडे. पुढच्या शनिवारी त्याला जेवायला बोलवा, मॅच लावा, आणि तुमचा नंबर त्याच्याही मोबाइलमध्ये आहे ना, ते बघा.