दगड कुठला आणि शेत कुठलं?

प्रश्न : काका, नमस्कार. मी इचलकरंजीला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि रात्री तासभर डीसीएस या संगणकावरच्या विमान-खेळात एफ-16 उडवतो. कॉकेशसच्या नकाशावर मी स्वतःची एक मोहीम बनवली आहे. जवारीजवळच्या इंगुरी धरणावर स्टिअरपॉइंट 3 (विमानाच्या संगणकात भरलेला वाटेवरचा बिंदू) ठेवला आणि धरणाच्या उत्तरेला चार मैलांवर दरीत तोफा ठेवल्या. धरण लांबूनच दिसतं, तोफा काही केल्या सापडत नाहीत. म्हणून धरणापासून ऑफसेट द्यायचं, म्हणजे तिथून दिशा आणि अंतराने जागा सांगायची, असं ठरवलं. ऑफसेटच्या पहिल्या बिंदूत, ओए-1 मध्ये, अंतर 4, दिशा 350 आणि उंची 0 टाकली, तर तो बिंदू दाखवणारा त्रिकोण धरणालाच चिकटून बसला. अंतर दुरुस्त केल्यावर तो हलला, पण तोफांच्या बराच अलीकडे आणि डावीकडे दिसतो. शिवाय बॉम्ब सोडला की तो धरणावरच पडतो. तीन रविवार यात गेले. दिशा मी विमानातल्या होकायंत्रावरून घेतली होती. तोफांची जागा साधारण 2000 फूट उंचीवर आहे.

उत्तर : तुम्ही सगळे आकडे कळवलेत हे फार बरं झालं, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागलं नाही. तुमच्या मोहिमेत चार वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. बॉम्ब धरणावर पाडणारी सर्वांत मोठी आहे, तिच्यापासून सुरुवात करतो.

मी बत्तीस वर्षं भूकरमापक होतो. आमच्या कामात ऑफसेट हा रोजचा शब्द. साखळी ताणायची, शंकूने काटकोन धरायचा आणि साखळीपासून बांधाच्या वळणापर्यंतचं लंब माप टिपणात लिहायचं. 33 फुटांची साखळी, 33 गुणिले 33 चा गुंठा, हे हिशेब अजून डोक्यात आहेत. 1984 साली पाटण तालुक्यात मी हद्दीच्या एका दगडावरून दिवसभर मापं घेतली. प्रत्येक माप दोनदा तपासलं. संध्याकाळी टिपणाशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं की तो दगड मूळ जागेवर नव्हताच, नांगरताना कुणीतरी उचलून बाजूला लावला होता. मापं सगळी अचूक होती, शेत मात्र भलतंच मोजलं गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून साखळीला हात लावण्याआधी मी स्वतःला विचारत आलो, यातला दगड कुठला आणि शेत कुठलं?

एफ-16 चा संगणक हाच प्रश्न विचारतो, आणि ओए वापरलात तर त्याचं उत्तर ठरलेलं आहे : स्टिअरपॉइंट म्हणजे शेत, ओए म्हणजे दगड. बॉम्बचा हिशेब स्टिअरपॉइंटसाठी होतो. ओए-1 आणि ओए-2 या लक्ष्याजवळच्या, रडारवर ठळक उमटणाऱ्या खुणा. कर्सर खुणेवर नेऊन नीट बसवला की तो जेवढा सरकला तेवढंच लक्ष्यही मागून सरकतं. तुम्ही धरणाला स्टिअरपॉइंट केलंत आणि तोफांना ओए. विमानाने धरणावर बॉम्ब टाकला, कारण तुम्ही त्याला तेच सांगितलं होतं.

आता दोन वाटा आहेत. तोफांची जागा तुमच्याकडे अक्षांश-रेखांशात असेल, तर स्टिअरपॉइंट तोफांवर ठेवा आणि धरण ओए-1 करा. माहिती फक्त ‘धरणापासून अमुक दिशेला, अमुक अंतरावर’ अशी असेल, तर ओए सोडा आणि व्हीआयपी ही दुसरी रीत घ्या. कॉकपिटमधल्या कळफलकावर लिस्ट दाबून 3. तिथे नातं उलटं असतं : स्टिअरपॉइंट म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, आणि लक्ष्य तिच्यापासून मोजलेलं. व्हीआरपी, म्हणजे लिस्ट दाबून 9, ही ओएची बहीण. तिच्यात स्टिअरपॉइंट लक्ष्यावर असतो आणि खूण त्याच्यापासून मोजतात. तुमच्या मोहिमेला व्हीआयपी साजेल असं मला वाटतं, कारण तुमची सगळी मापं धरणापासूनच घेतलेली आहेत. पानावर आकडे भरून झाले की नावावर चौकट आणून एम-सेल दाबायला विसरू नका. त्याशिवाय ती रीत चालूच होत नाही.

धरणाची निवड मात्र उत्तम आहे. इंगुरीची भिंत 271.5 मीटर उंच आहे. मी कोयनेच्या भिंतीखाली उभा राहिलेला माणूस, ती 103 मीटर. अडीचहून जास्त कोयना एकावर एक रचल्या तर इंगुरी होईल. अशी खूण रडारवर हरवत नाही. धरण नसेल तेव्हा नदीचं मुख, धक्का, पाण्यावरचा पूल बघा. पाणी रडारला काळं दिसतं आणि जमीन उजळ, म्हणून दोन्ही जिथे भेटतात ती कड नेमकी सापडते. रिओनी पोतीजवळ काळ्या समुद्राला मिळते आणि इंगुरी अनाक्लियाजवळ. दोन्ही मुखं मी कितीदा तरी वापरली आहेत. जंगलातला रस्त्याचा फाटा नकाशावर सुंदर दिसतो, पण त्याला खूण करू नका. रडारवर तो कुठेच नसतो.

आता उरलेल्या तीन चुका. अंतराची तुम्ही दुरुस्त केलीच आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. ओए च्या पानावर अंतर फुटांत असतं. चार सागरी मैल म्हणजे 24,304 फूट. तुम्ही 4 टाकलंत, म्हणजे धरणापासून चार फूट. प्रत्येक पानावर आकड्याशेजारी एकक लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

दिशेची चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त त्रास देते. होकायंत्राने तुम्हाला चुंबकीय उत्तरेपासूनचे 350 अंश दिले. या पानांना खरी उत्तर लागते. व्हीआयपीच्या पानावर दिशेच्या नावात आधी ‘टी’ हे अक्षर असतं, ते खऱ्या उत्तरेचंच. कॉकेशसमध्ये चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे 6 अंशांवर आहे. फरक पूर्वेचा असेल तेव्हा तो मिळवायचा, म्हणजे तुमची खरी दिशा 356. सहा अंश म्हणजे किती, ते तोंडी काढता येतं. साठ मैलांवर एक अंश म्हणजे जवळजवळ एक मैल. म्हणून चार मैलांवर सहा अंश म्हणजे 0.4 मैल, साधारण 2,400 ते 2,500 फूट. उत्तरेकडे बघताना एवढंच डावीकडे तुम्हाला दिसत होतं. नेवाडाच्या नकाशावर हा फरक जवळपास दुप्पट असतो, पर्शियन आखाताच्या नकाशावर दोनेक अंश. नकाशा बदलला की तो नव्याने बघायचा. शिवाय धरण ओए म्हणून ठेवलंत तर दिशा तोफांकडून धरणाकडे मोजायची, म्हणजे 356 उणे 180, 176. हा 180 विसरून खूण लक्ष्याच्या पलीकडे डोंगरात गेल्याचं मी बऱ्याच पत्रांत वाचलं आहे. दिशा दशांशापर्यंत घेतात, म्हणून 176 साठी 1760 टाका आणि पानावर 176.0 उमटलं का ते बघा.

आणि उंची. हिच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण हा रकाना बहुतेक जण 0 ठेवतात. तुमच्या तोफा 2000 फुटांवर, आणि तुम्ही संगणकाला सांगितलंत की जागा समुद्रसपाटीला आहे. त्याने त्रिकोण डोंगराच्या पोटात, दोन हजार फूट खोल ठेवला. हडमधून, म्हणजे समोरच्या काचेवरच्या चिन्हांतून, बघताना तुमच्या नजरेची रेघ त्या पुरलेल्या त्रिकोणाकडे जाते आणि वाटेत जमिनीला अलीकडेच टेकते. किती अलीकडे, ते नजर किती तिरपी आहे त्यावर. तुम्ही क्षितिजाखाली 10 अंशांत बघत असाल तर 2000 फुटांची चूक जमिनीवर सुमारे 11,300 फूट होते, जवळजवळ 1.9 सागरी मैल. चार मैलांच्या ऑफसेटमधले निम्मे गेले! जवळ जाल तशी नजर खाली वळते आणि त्रिकोण हळूहळू पुढे सरकतो. तो सरकताना दिसला की समजा, उंची चुकली आहे. दिशा चुकली असेल तर त्रिकोण चुकीच्याच जागी राहतो, पण जागा सोडत नाही. हा फरक ओळखायला शिकलात तर अर्धं निदान कॉकपिटमध्ये बसल्या बसल्या होईल.

या रविवारी हे करा. व्हीआयपी, स्टिअरपॉइंट 3 धरणावर आणि त्याला धरणाची स्वतःची उंची, लक्ष्याची दिशा 356.0, अंतर चार सागरी मैल पण पानावरच्या एककात, उंची 2000. दक्षिणेकडून या. धरणावरचं चिन्ह धरणावर नेमकं बसत नसेल तर कर्सरने बसवा.

प्रश्न : काका, मी रत्नागिरीला अकरावीत शिकतो. मला हे सगळं ऑफसेट प्रकरण जुनं वाटतं. लक्ष्याचे अक्षांश-रेखांश टाकले की झालं ना? मग हे कशासाठी शिकायचं?

उत्तर : बाळ, आकडे बिनचूक असतील आणि विमानाला स्वतःची जागा बिनचूक माहीत असेल, तर तुझं म्हणणं अगदी बरोबर. तेव्हा थेट आकडेच टाक. मीही तेच करतो.

ऑफसेट यातलं एखादं डळमळीत असतं तेव्हासाठी आहे. दुसऱ्या महायुद्धात 17 ऑगस्ट 1943 च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर पेनेम्युंडेवर गेले, जिथे जर्मन रॉकेटं तयार होत होती. धुराचे पडदे सोडून जागा झाकली जाईल हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या 5 ग्रुप या तुकडीच्या लँकेस्टर बॉम्बरच्या वैमानिकांनी समुद्रातल्या रुडेन बेटापासून वेळ आणि अंतर मोजत लक्ष्यावर जायचा सराव केला होता. बेट धुराने झाकता येत नाही. पुढे संगणक आले, पण कल्पना तीच राहिली : जे दिसतं त्याला धरून, जे दिसत नाही तिथे पोचायचं.

आपल्या हवाई दलात 1985 पासून मिराज 2000 आहे. डीसीएसमधलं मिराज फ्रेंच हवाई दलाचं आहे, पण त्यातही बीएडी नावाने हेच मिळतं. तिथे अंतराला ऱ्हो आणि कोनाला थीटा म्हणतात, आणि खूण ओलांडताना ती पकडली की लक्ष्य तिच्यापासून मोजलं जातं. तुला बारावीपर्यंत ध्रुवीय निर्देशक भेटतीलच. विमानात एकदा वापरून बघ, वर्गात ते परके वाटणार नाहीत. एका तासाचा सराव सांगतो : पोतीच्या नदीमुखावरून सुरुवात कर, खाली डोकावून न बघता पाच मैलांवरचा एक पूल फक्त दिशा आणि घड्याळ यांवर गाठ. 300 नॉट वेगाला मिनिटाला पाच मैल होतात, म्हणजे हिशेब सोपा. तेवढा जमला की ऑफसेटचं पान उघड.

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय 46. माझं एफ-16 पहिल्या हल्ल्यापर्यंत उत्तम चालतं. बॉम्ब टाकून पुढे निघाले की त्यानंतरचे सगळे स्टिअरपॉइंट अर्धा-पाऊण मैल सरकलेले असतात, धावपट्टीचासुद्धा. दोनदा तर ढगातून खाली आले तेव्हा धावपट्टी बाजूलाच होती. आयएनएस, म्हणजे विमानाची स्वतःची जागा मोजणारी यंत्रणा, बिघडते का? उड्डाणाआधीची तिची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, मी पूर्ण करते.

उत्तर : ताई, आयएनएस ठीक आहे. तुम्ही हल्ल्याच्या वेळी कर्सर किंवा टार्गेटिंग पॉड (लक्ष्य दाखवणारा कॅमेरा) हलवून लक्ष्यावर बसवला असणार. एफ-16 त्या सरकण्याचा अर्थ ‘माझी सगळी मोजणी एवढी सरकलेली आहे’ असा घेतं आणि तेवढाच फरक प्रत्येक स्टिअरपॉइंटला लावतं. लक्ष्यासाठी ते हवंच असतं, घरी परतताना नको. रडारच्या किंवा पॉडच्या पडद्यावर उजव्या बाजूला सीझेड लिहिलेलं बटण आहे, त्याने तो फरक शून्य होतो. बॉम्ब सुटला, वळण घेतलं, की लगेच सीझेड. मी तर पुढच्या स्टिअरपॉइंटला हात लावण्याआधी ते दाबतो आणि दाबल्याचं मोठ्याने म्हणतो.

ढगातून उतरताना तर याला पर्यायच नाही. पुढच्या वेळी हल्ल्यानंतर सीझेड न दाबता धावपट्टीच्या स्टिअरपॉइंटचं चिन्ह कुठे दिसतं ते बघा, मग दाबा. चिन्ह डोळ्यांसमोर उडी मारून धावपट्टीवर जाईल. तसं झालं नाही तर किती सरकलं आणि कुठल्या बाजूला, ते लिहून पाठवा. मग अलाइनमेंटकडे बघू.